तीन उकळ्या

"हातात काय आहे गं तुझ्या?"

अक्कांचा आवाज पाठीमागून आला आणि सिरिंज माझ्या हातून टाकीत पडता पडता राहिली. अक्का बस्तीत, म्हणजे आमच्या जैनांच्या देवळात, निघाल्या होत्या. पांढरी साडी, हातात पूजेचं ताट, सात दिवसांच्या उपासानं खोल गेलेले डोळे. ते डोळे नेमके माझ्या हातावर.

"इंजेक्शन आहे," मी म्हटलं. सुई दिसतच होती, नाही म्हणून सांगणार काय!

"माशांस्नी ताप आलाय व्हय?"

"माशांना नाही. ह्या फुलांना."

"शेवंतीला? काय घातलंयस त्यात?"

"लिंबाचा रस."

"लिंबानं काय हुतंय त्यांचं?"

अक्का समजायचं ते समजल्या. ताट टेबलावर ठेवून त्यांनी सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली, आतला रस मोरीत पिचकारला आणि रिकामी सिरिंज मला परत दिली.

"पर्वाचे दहा दिवस आहेत, त्रिशला. आजचा सातवा. एवढं तीन दिवस थांब. पुढं तुला काय करायचं ते कर, मी बघायला येणार न्हाई. पण ह्या दिवसांत ह्या घरात जीव मारायचा न्हाई. शब्द दे."

"दिला," मी म्हटलं.

ह्याला चौदा वर्षं झाली. तो शब्द मी किती वेळ पाळला, सांगू? पाऊण तास.

आधी ती टाकी काय होती ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला वेड लागलं होतं. लागलंच होतं म्हणा. सांगलीत बसून मी घरात समुद्र पाळला होता. चार फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, दोन केशरी मासे आणि प्रवाळ. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळं 'अभ्यास' म्हटलं की घरात सगळं खपायचं. माझा नवरा श्रेणिक पाहुण्यांना सांगायचा, "दर पावसाळ्यात कृष्णा गावात येते, तेवढ्यानं आमच्या बाईचं भागत नाही, म्हणून समुद्र पण आणलाय."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई मगदूम. सुरुवातीला त्या टाकीकडं बघायच्याही नाहीत. जीव कोंडून ठेवायचे म्हणजे पापच. पण मिरजेच्या इम्तियाजनं, तो मासे आणि टाक्या विकायचा, पहिल्यांदा दगड आणून दिले तेव्हा तो अक्कांना म्हणाला, "हे साधे दगड न्हाईत आज्जी, जिवंत दगड म्हणत्यात ह्यांस्नी. आत बारीक बारीक जीव असत्यात." अक्का हसल्या. "दगडात जीव असतोय हे तुमच्या शास्त्राला आत्ता कळलं व्हय? आमच्यात पयल्यापासनं म्हणत्यात." त्या दिवसापासून टाकीशी त्यांचं जमलं. संध्याकाळी जपमाळ घेऊन तिच्यासमोरच बसायच्या.

ती शेवंती अशाच एका दगडावरून आली. आधी एकच होती, करंगळीच्या नखाएवढी, तपकिरी, भोवती बारीक बोटांची झालर. नाव अक्कांनीच ठेवलेलं. मला मात्र ठाऊक होतं ही काय चीज आहे. समुद्रफुलाचीच जात, पण शेतात गाजरगवत तशी. शेजारच्या प्रवाळाला डंख मारायचा, माशाला डंख मारायचा आणि पसरायचं. चिमट्यानं उपटायला जावं तर तुकडा मागं राहतो आणि त्याच्या चार होतात. नुसता रक्तबीज! हे सगळं वाचलेलं असूनही मी अतिशहाणीनं चिमटाच घेतला. दोन महिन्यांत एकट्या मोठ्या दगडावर साठ-सत्तर झाल्या. आणि त्या सकाळी बघते तर तीन वर्षं जिवापाड वाढवलेलं माझं जांभळं प्रवाळ, त्याचा एक कोपरा पांढराफटक. अजून तीन दिवस म्हणजे ते गेलंच.

अक्कांच्या उपासाबद्दलही सांगायला हवं. भाद्रपदातले ते दहा दिवस त्या काही खायच्या नाहीत. दिवसातून एकदा पाणी, तेही गाळून उकळलेलं, बारा वाजायच्या आत. आप्पा, म्हणजे सासरे, गेले तेव्हा त्यांनी सात वर्षांचा नेम धरला होता आणि हे सातवं वर्ष होतं. बस्तीतून आल्या की स्वतः पितळेची तपेली ठेवायच्या आणि समोर उभं राहून उकळ्या मोजायच्या. एक, दोन, तीन. तिसरीला गॅस बंद. मी एकदा म्हटलं होतं, "अक्का, पाणी एकदा उकळलं की उकळलं. तीनदा मोजून काय जास्त उकळतं?" त्या म्हणाल्या, "पाण्याचं मला ठावं न्हाई. माझं ध्यान तिथं राहतंय, एवढं खरं." सात वर्षांत मी एकदाही ते पाणी ठेवलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर, अक्का फाटकाबाहेर गेल्या. मी टाकीसमोर फेऱ्या मारल्या. प्रवाळाचा पांढरा कोपरा काही डोळ्यांपुढून हलेना. मुळात माझ्या स्वभावात दम नाही, आणि दम नसलेल्या माणसाला युक्तिवाद फार सुचतात. मला सुचलं ते असं, की लॅबमध्ये काही निर्जंतुक करायचं तर आपण काय करतो? उकळतो. सुया नकोत, लिंबं नकोत. तो एक दगडच बाहेर काढायचा, उकळायचा, धुऊन पुन्हा ठेवायचा. अक्का साडेअकरापर्यंत येत नाहीत. दगड जागेवर दिसला की झालं.

बादलीत दगड घेतला. शेवंत्या मिटून बारीक झाल्या. दगडाच्या एका अंगाला दुसरेही जीव चिकटलेले होते, शर्टाच्या बटणाएवढे, चपटे, मातकट रंगाचे. दगडाबरोबर फुकट आलेले. इम्तियाज म्हणाला होता, "राहू द्यात मॅडम, बटणं म्हणत्यात ह्यांस्नी, शोभेला बरी. फक्त हात लावला तर धुऊन टाकायचा." मी जीवशास्त्राची बाई, पण का धुवायचा हे काही विचारलं नाही.

आमची सगळी गल्ली आमच्याच लोकांची. पर्वात कुणाच्या घरातून असला खारट वास यायला लागला तर चार बायका विचारायला येणार. म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद ठेवला, पुढच्या दाराला आतून कडी घातली. सगळ्यात मोठं पातेलं काढलं, दगड त्यात ठेवला, वर पाणी, वर झाकण, गॅस मोठा. थोडा वेळ तिथंच ओटा पुसत बसले. पाणी उकळायला लागलं, झाकण थडथडायला लागलं आणि व्हरांड्यात माझा मोबाईल वाजला.

इम्तियाज होता.

"मॅडम, तुमच्या त्या शेवंतीवर एक उपाय घावलाय बघा. खायचा चुना असतोय न्हवं, तो पातळ कालवायचा आणि एकेकीच्या तोंडावर सोडायचा..."

"आता चुना लावायची गरज नाही," मी ऐटीत म्हटलं. "सगळ्या एकदम निकालात काढल्या. दगडच उकळायला टाकलाय."

"कुठला दगड, मॅडम? बटणांचा?"

"हो."

"बटणं काढून टाकलासा ना आधी?"

"नाही. का?"

"मॅडम, गॅस बंद करा." त्याचा आवाज एकदम चढला. "नाकावर ओलं कापड धरा, गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर पळा. त्या बटणांत विष असतंय. उकळलं की वाफेत उतरतंय. माझ्या एका गिऱ्हाइकानं असाच दगड उकळला, घरातली तीन माणसं आडवी झाली. त्यातली म्हातारी..."

"म्हातारीचं काय?"

"पळा हो मॅडम, बोलत काय बसलाय!"

त्याच क्षणी मला माझ्या तोंडातली चव कळली. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवावा तशी कडवट. ती मघापासून होती, माझंच लक्ष नव्हतं. ओठ शिरशिरत होते. आणि आतून, स्वयंपाकघरातून, पातेल्याचं झाकण काढल्याचा आवाज आला.

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुढच्या दाराला कडी होती. मी धावले.

अक्का ओट्यापाशी उभ्या होत्या. बस्तीत भोवळ आली म्हणून लवकर परतल्या होत्या आणि पुढचं दार लागेना म्हणून मागच्या दाराच्या जाळीतून हात घालून कडी काढून आत आल्या होत्या. एका हातात झाकण. चष्म्यावर वाफ धरलेली, त्यामुळं काही दिसेना म्हणून त्या पातेल्यात आणखी वाकलेल्या. सगळा चेहरा वाफेत. आणि हसत होत्या.

"माझ्यासाठी पाणी ठेवलंस व्हय गं?"

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतरच्या आठ वर्षांत बघितला नव्हता.

"हो अक्का," मी म्हटलं.

"तपेली सोडून ह्यात ठेवलंयस. असू दे, तुला काय ठावं. पण पाण्याला वास कसला मारतोय? पुराचं पाणी सोडत्यात की काय नळाला..."

"अक्का, बाहेर चला! गॅस गळतोय!"

हे दुसरं खोटं. मी त्यांच्या हाताला धरलं, झाकण खाली पडून गरागरा फिरलं, आणि मी त्यांना ओढतच मागच्या अंगणात आणलं. सीताफळाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलं. पदर नळाखाली भिजवून नाकाला बांधला, आत गेले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर पळाले.

"फायर ब्रिगेडला सांगायचं का?" अक्कांनी विचारलं.

"नको. बंद केलाय आता."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. चेहरा ठीक. श्वास ठीक. वाटलं, एवढीशी तर वाफ, काही होणार नाही. इम्तियाज उगाच घाबरवतो. फोन पुन्हा वाजायला लागला होता, तो मी बंद करून टाकला.

"तोंड कडू झालंय बघ," अक्का म्हणाल्या. "उपासाचं पित्त असंल."

"पाणी देऊ का? तपेलीत उकळते दुसरं. बाहेर शेगडी मांडते."

"बारा वाजत आले की. राहू दे. उद्या घेईन." त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू ठेवलं हुतंस, त्यातच भरून पावलं."

एक वाजता त्यांना खोकला सुरू झाला. दीडला हुडहुडी भरली. मी दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "श्वास पुरंना गं." मी श्रेणिकला फोन केला. तो वर्कशॉपातून तसाच काळ्या हातांनी आला आणि गाडी मिरजेकडं निघाली. अक्का मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर टेकलेल्या. दर श्वासाला शिट्टी वाजत होती. ती शिट्टी माझ्या कानाशी होती आणि मी मनात एकच घोकत होते, की हिला काही होऊ नये, हिला काही होऊ नये. पण तोंड उघडून सांगितलं नाही. आधी वाटलं, दवाखान्यात गेल्यावर सांगू. मग वाटलं, डॉक्टरांना तपासल्यावर कळेलच. भित्रं माणूस कसं दर वळणावर पुढच्या वळणाचा वायदा करतं, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

"काय झालं नेमकं?" श्रेणिकनं आरशातून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अक्काच बोलल्या, थांबत थांबत. "काई न्हाई रे. अशक्तपणा. तुझी बायको... आज माझं पाणी ठेवलं हुतं तिनं... मी यायच्या आत."

श्रेणिकनं आरशातून माझ्याकडं बघितलं. किती कौतुकानं बघितलं त्यानं!

दवाखान्यात डॉ. हुक्केरी म्हणून बाई होत्या. उंच, शांत. त्यांनी छाती तपासली, ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढायला पाठवलं. मग विचारलं, "शेवटचं काय खाल्लं?"

"सात दिवस उपास आहे," श्रेणिक म्हणाला.

"सात दिवस? ह्या वयात? आणि पाणी?"

"दिवसातनं एकदा. आज तेही राहिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग अजून काय व्हायचं राहिलंय? अंगातलं पाणी आटलंय, वर हा छातीचा संसर्ग दिसतोय. सलाईन लावते, अँटिबायोटिक देते. दोन दिवसांत उभ्या राहतील."

नर्स सुई घेऊन आली. अक्कांनी हात गोधडीत ओढून घेतला.

"न्हाई. पौर्णिमेच्या आत अंगात काई जाणार न्हाई."

"अहो आजी, हे अन्न नाही, औषध आहे."

"अंगात जातंय न्हवं? मग न्हाई."

श्रेणिक गुडघ्यावर बसला. "अक्का, असं काय करतीस? सातवं वर्ष हाय, पुढच्या वर्षी कर की."

"सातवं हाय म्हणूनच," अक्का म्हणाल्या. "तुझ्या आप्पांच्या नावानं धरलंय. उपासानं मेलं तर मेलं. असलं मरण कुणाला मिळतंय?"

त्यांना खरंच वाटत होतं की हे उपासाचं दुखणं आहे, पुण्याचं दुखणं. त्या समाधानानं पडल्या होत्या. ओठ निळसर दिसायला लागले होते.

डॉक्टर मला आणि श्रेणिकला दारापाशी घेऊन गेल्या. "त्या नाही म्हणत असतील तर मी जबरदस्ती करू शकत नाही. तुम्ही समजावा. नाहीतर सही करा आणि घरी न्या."

श्रेणिक रडायला लागला. माझा नवरा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आणि मला कळलं, की आता पुढचं वळण नाही. मी बोलले नाही तर ही बाई माझ्या खोट्याच्या समाधानात, हसत हसत मरणार.

भीती वाटत होती. पुन्हा ह्या घरात उभी कशी राहू, ह्याची भीती. श्रेणिकच्या तोंडाकडं बघायची भीती. पण सगळ्यात जास्त भीती अक्कांच्या त्या हसण्याची वाटत होती. ते मलाच मोडायचं होतं.

मी परत कॉटपाशी गेले.

"डॉक्टर, हे उपासाचं नाही. हे विष आहे."

"काय?"

"मी सकाळी टाकीतला दगड उकळला. समुद्राच्या टाकीतला. त्यावरच्या जिवांत विष असतं, ते वाफेत उतरतं. अक्कांनी झाकण काढून ती वाफ घेतली. माझ्या पण तोंडाला कडू चव आहे, ओठ बधिर आहेत. इम्तियाजला फोन लावा, तो सांगेल."

श्रेणिक माझ्याकडं बघतच राहिला. डॉक्टर मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्या फोनवरून इम्तियाजशी बोलून घेतलं, नर्सला दोन-तीन गोष्टी भराभर सांगितल्या, मुंबईच्या कुणा सरांना फोन लावायला सांगितलं. "हे मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यावर उतारा नाही म्हणतात. पण काय सांभाळायचं ते आता कळलं. हृदय आणि मूत्रपिंडं. ह्यांना आयसीयूत घ्या, आणि ह्या बाईंनाही ऑक्सिजन लावा. सलाईन तर हवंच. त्याशिवाय चालायचं नाही."

अक्कांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. त्या डॉक्टरांकडं बघत नव्हत्या.

"म्हंजे ते पाणी," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी न्हवतं?"

मला वाटलं होतं त्या विचारतील, शब्द का मोडलास. वाटलं होतं विचारतील, जीव का मारलेस. त्याला काहीतरी उत्तर मी मनात जुळवून ठेवलं होतं.

"नाही अक्का."

त्यांनी डोळे मिटले. मग गोधडीतून हात बाहेर आला.

"लावा ती सुई," त्या नर्सला म्हणाल्या. "जीव उकळल्याली वाफ पोटात गेली. उपास सकाळीच मोडलाय माझा."

ती सुई लागली म्हणून अक्का वाचल्या. डॉक्टर नंतर म्हणाल्या की पहिल्या रात्रीत दोनदा त्यांना वाटलं होतं, गेल्या. मी पलीकडच्याच कॉटवर होते, मला ताप भरला होता, आणि मला त्या पडद्यामागचा प्रत्येक आवाज ऐकू येत होता. पण अक्का वाचल्या. सहा वर्षं पुरी झालेला नेम सातव्या वर्षी, सातव्या दिवशी, सुनेच्या हातानं मोडला.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावणी असते. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. अक्का तेव्हा अजून दवाखान्यातच होत्या. उशीला टेकून बसलेल्या. भेटायला आलेल्या प्रत्येकापुढं त्यांनी हात जोडले. "उत्तम क्षमा." श्रेणिकपुढं जोडले. डॉ. हुक्केरींपुढं जोडले. फरशी पुसायला आलेल्या मावशींपुढंसुद्धा. मग मी पुढं झाले. वाकले. त्यांच्या पायांना हात लावला. वर बघितलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"डबा आणलास का?" एवढंच म्हणाल्या.

टाकी मी त्याच आठवड्यात इम्तियाजला देऊन टाकली. तो जाड हातमोजे घालून आला. बादली घासायला घेतली तर तळाला एक शेवंती चिकटलेली. करंगळीच्या नखाएवढी. एवढं सगळं होऊन ती जिवंत! मी तिला खाऱ्या पाण्यासकट काचेच्या बरणीत घातलं आणि इम्तियाजच्या मागं फाटकापर्यंत धावले. "अहो मॅडम, ही कीड कुणी हातानं देतंय व्हय?" तो म्हणाला. पण घेऊन गेला.

पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. भांडण नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. "भाकरी झाली का?" "झाली." "दूध आलं का?" "आलं." एवढंच बोलणं. श्रेणिक म्हणायचा, "अगं, विसरली असंल ती." अक्का काही विसरत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट होती. त्या वर्षभरात गॅसवर मी झाकलेलं भांडं ठेवलं आणि अक्का स्वयंपाकघरात आल्या, की मी पळत जाऊन झाकण काढायची. मग मी भाजीसुद्धा उघडीच शिजवायला लागले.

भाद्रपद आला. अक्कांनी नेम नव्यानं धरला. सातवं नाही, पुन्हा पहिल्यापासून, पहिलं वर्ष. डॉ. हुक्केरींनी पुष्कळ समजावलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि केलं मनाचंच.

पहिल्या दिवशी त्या बस्तीत गेल्या. साडेअकरा वाजत आले. मी स्वयंपाकघरात गेले. खिडक्या उघडल्या, मागचं दार सताड उघडलं. पाणी दुहेरी कापडातून गाळलं. अक्कांची पितळेची तपेली काढली, चिंचेनं घासून पुसून ठेवलेली, त्यात ओतलं, गॅस लावला. झाकण ठेवायला हात पुढं केला आणि हात थांबला. शेवटी ठेवलं. आणि मी ओट्यापासून चार पावलं मागं, भिंतीला टेकून उभी राहिले. माझंच पाणी, माझ्याच डोळ्यांदेखत गाळलेलं, आणि मी त्याला घाबरत होते.

मागच्या दारात सावली आली. अक्कांनी ताट ठेवलं. तपेलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्या ओट्यापाशी गेल्या, झाकण उचललं आणि वाकल्या. चष्म्यावर वाफ धरली. त्या आणखी वाकल्या.

"अक्का, नको!" मी ओरडलेच. "लांब व्हा!"

"का? काय घातलंयस ह्यात?"

"काही नाही. नुसतं पाणी आहे."

"कुणासाठी ठेवलंयस?"

"तुमच्यासाठी."

"मग?" अक्का म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पण पुन्हा डोळ्यांना लावला नाही. तसंच तोंड वाफेत धरलं आणि पोटभर श्वास घेतला.

"ये हिकडं," त्या म्हणाल्या. "मला आता दिसायचं न्हाई. तू मोज."

मी गेले. त्यांच्या शेजारी उभी राहिले. कडेनं बुडबुडे आले, मधून पाणी वर चढलं.

"एक," मी म्हटलं. "दोन."

तिसरी उकळी आली तेव्हा माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. आवाजावरूनच ओळखून गॅस अक्कांनी बंद केला.